उलटा नळ

दलाल म्हणाला, संध्याकाळी या, गार वाटतं.
मी मे महिन्यात गेले, दुपारी दोनला.
जळगावात घर बघायची वेळ तीच.
लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर
चपला काढून फरशीवर उभी राहिले,
तळवे किती वेळ टिकतात ते बघत.

बांधकाम एक्क्याण्णवचं.
खिडकीखाली कूलरच्या स्टँडचा गंज ओघळून
भिंतीवर तांबडी, लांब धार.
बाथरूमच्या छताची ओल वारके सरांनी स्वतःच दाखवली:
"टाकीचं झिरपतं. सांगितलेलं बरं."
दलाल खोकला.

कागदावर सहाशे बारा फूट.
माझ्या टेपवर पाचशे ऐंशी.
"बत्तीस आम्हालाही नाही सापडले," सर म्हणाले.

सोसायटीच्या वहीत बारा सभासद,
पाच पुण्याला, एकाचा पत्ताच नाही,
आणि लिफ्टचा ठराव
दर वर्षी एकमताने मंजूर.

मेंटेनन्सच्या थकलेल्या अकरा हजारांवर
सौदा मोडता मोडता राहिला.

रजिस्ट्री झाल्यावर सर पुन्हा जिना चढून आले
मोरीतला नळ दाखवायला.
"हा उलटा फिरतो, बरं का.
प्लंबरने तसाच बसवला,
बदलू बदलू म्हणत राहून गेलं."
बंद करतात तसा फिरवून त्यांनी तो उघडला.
पाण्याचा दिवस नव्हता.
नळ नुसता फुरफुरला.

परवा बँकेत हात धुऊन
नळ बंद करायला गेले
आणि कोपरापर्यंत भिजले.
मंगाबाई फडकं घेऊन धावल्या,
"काय व्हयनं ताई?"

काही नाही, म्हटलं.
घर घेतलं.