नदीच्या अलीकडे

प्लग तोच असतो. दोन चपटी पाती,
फुजी नदीच्या अल्याड तशीच पल्याड.
व्होल्टही शंभरच.
म्हणून तर माणसं फसतात.
आमच्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते,
पलीकडे साठ.

कुणी तोक्योसाठी जर्मन जनित्र मागवलं,
कुणी ओसाकासाठी अमेरिकन.
सव्वाशे वर्षं उलटली,
दोघांचं अजून जमत नाही.
यात नदीचा काही दोष नाही.
ती आपली गोटे घरंगळवत समुद्राकडे जाते,
तिला कुणी विचारलं नव्हतं.

नुमाझूत, मासळी बाजाराच्या मागे, माझं दुरुस्तीचं दुकान.
बदलीबरोबर, लग्नाबरोबर नदी ओलांडून आलेली यंत्रं
एके काळी ओळीनं यायची:
रोज मागे पडणारी घड्याळं,
दमेकरी पंखे.
मी पुली बदलायचो, बिल फाडायचो.
आताच्या यंत्रांना कुठलंही पाणी मानवतं.
गिऱ्हाईक कमी झालंय,
आणि जे येतं ते जुनंच काहीतरी घेऊन येतं.

गेल्या नोव्हेंबरात चिगुसा हिबिनो आली,
जांभळ्या कापडात टेपरेकॉर्डर बांधून,
तान्हं मूल धरावं तसा पोटाशी धरून.
हामामात्सूचं घर विकलं, म्हणाली. आई गेली.
भावाला हे नको होतं.
"बिघडलाय.
यातले बाबा म्हातारे झालेत."

मी रीळ लावलं, खटका दाबला.
एक माणूस ईल मोजत होता,
सरोवराकाठच्या तळ्यातून टोपलीत:
सात... आठ... अरे, सुटला...
पुन्हा सात.
आवाज जड,
भिंतीला हात लावत जिना उतरणाऱ्यासारखा.
मागे एक पोर खिदळत होती,
तीही घोगरी.
"ती मी," चिगुसा म्हणाली.

मी सांगितलं, यंत्र ठणठणीत आहे. वीज वेगळी आहे.
डब्यातून पितळेची पुली काढली, मूळच्यापेक्षा जरा जाड,
बोटाच्या पेराएवढी.
ही चढवली की होतील पूर्वीसारखे.

तिनं पुली हातात घेतली, उजेडात धरली.
"तिकडे ही टेप दहा मिनिटांची होती."
"इथे बारा."
"मग ही वरची दोन मिनिटं कुठून आली?"
मला खोटं बोलता आलं असतं.
"कुठून नाही. शब्द तेवढेच. नुसते सावकाश."

बाहेर बर्फाची गाडी उलटी येत होती, टूं टूं करत.
ती थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

चाळिशी उलटायच्या आत गेले, तिनं सांगितलं.
म्हातारे कसे बोलले असते
हे घरात कुणाला ठाऊक नाही.
भावाला फोनवर ऐकवलं,
तो म्हणाला, हे आपले बाबा नाहीत,
आणि लगेच म्हणाला, पुन्हा लाव.

"पुली काढता-घालता येते का?"
"येते. लहान स्क्रूड्रायव्हर लागतो."
"तोही द्या."

पुलीचे पैसे घेतले.
स्क्रूड्रायव्हरचे लावले नाहीत.
नंतर वाटलं, लावायला हवे होते.
उगाच उपकार केल्यासारखं दिसलं.