सोबत फोटो

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच,
कूलर नुसताच आवाज करतो.
मी इराबत्तींना मेल टाकला:
'लाल केलेल्या ओळी तेवढ्या तातडीने बघा.
दर इथे. चलन इथे. नमुना इथे.'
तिन्ही 'इथे' निळे, खाली रेघ मारलेले.
मला किती नीटनेटकं वाटलं.

पलीकडच्या खोलीतून उत्तर आलं:
'मॅडम, माझा संगणक रंग वाचत नाही.
इथे, इथे, इथे म्हणायलाय नुसता,
गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोरासारखा.
फोटोचं नाव तेवढं सांगितलं त्यानं:
आयएमजी वीस त्रेचाळीस.'

सहा महिने झाले,
त्यांची पांढरी काठी मी दाराशी टेकलेली बघते.
मेल लिहिताना मात्र ती कधी आठवली नव्हती.

लाल काढलं. 'तातडीचे' असं अक्षरांत लिहिलं.
'इथे'च्या जागी 'मार्चचे दरपत्रक'.
विषयात नुसतं 'नमस्कार' टाकायची सवय होती,
तीही मोडली.
उरला फोटो.

चादर. काय लिहायचं?
'सुंदर चादर' लिहिलं, खोडलं.
सुंदर म्हणजे मी बघितल्याची पावती,
त्यात चादर कुठाय?

घरी अण्णांना विचारलं.
तीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली त्यांनी.
मोतीबिंदू झाल्यावरही
भोकांवरून बोट फिरवत सांगायचे,
'इथं चोच. इथं पिसारा उघडला.'
जेवता जेवता म्हणाले,
'काठापासून सुरू कर. मोजत ये.'

तर मोजत आले:
मरून जमीन, पिवळा काठ चार बोटं,
काठाला लागून मोर, तोंडं आत.
डाव्या अंगाला सात.
उजव्या अंगाला
परत मोजले.
सहा.

चारशे नग बांधून तयार.
मास्तरनं पाहिले होते, शेठनी पाहिले होते,
फोटो काढताना मी दोनदा.

लिहिलं तसंच:
उजवीकडे सहा मोर, सातव्याची जागा रिकामी.

इराबत्तींचं उत्तर एका ओळीत:
'आता दिसली चादर. गाडी थांबवा.'

काल संध्याकाळी घाईत
पुन्हा गेलाच माझा एक मेल,
'सोबत फोटो', बस.
चप्पल घातली, जिन्यापर्यंत पोचले,
मागे फिरले.
खोलीतला दिवा बंद, ते आत काम करत बसलेले.
म्हटलं, थांबा, सांगते.
टॉवेल आहे. पांढरा.
काठापासून सुरू करते.