कडी

मनामा. गुदैबियाच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या वरचा हॉल,
गुरुवारी रात्री नऊनंतर आमचा.
भाडं तासावर. एसीचं वेगळं.

नाटक मी लिहिलेलं: अकरा वर्षांनी घरी परतलेला एक माणूस
आणि रंगमंचावर फक्त एक दार.
भिंत नाही, छप्पर नाही. दार म्हणजे त्याची आई.
हे लोकांना कळावं म्हणून
त्याच्या तोंडी चौदा ओळी घातल्या होत्या,
उपमेय इकडे, उपमान तिकडे,
मधे 'जणू'ची खिळपट्टी.

(शाळेत बाई म्हणायच्या, जुन्या शास्त्रात नाटकालाच रूपक म्हणत.
परीक्षेला येणार नव्हतं,
म्हणून लिहून घेतलं नाही.)

कथेत हे खपून गेलं असतं.
कागदावरच्या दाराला वजन नसतं,
वाचक ते स्वतःच उचलतो,
आपल्या घरचं एखादं बिजागर आणून लावतो.
नाटकातलं दार मात्र
लिफ्टमध्ये मावलं पाहिजे.

दार करायला याकूब वांगडे आले. बाणकोटचे.
मुहर्रकच्या गोदीत जुन्या गलबतांच्या फळ्या बदलण्यात
तीस वर्षं गेलेली, बोटांच्या पेरांत कापूस आणि तेल.
गोष्ट विचारली नाही. उंची विचारली, रुंदी विचारली,
पेन्सिल कानामागे खोचली, मग म्हणाले,
"कडी आतसून लावू की भायरसून?"

दिग्दर्शक गुंजाळ हसले. "अहो, प्रतीकात्मक दार आहे ते."
"असंल. पन कडी?"

त्या रात्री झोप आली नाही.
आतून, म्हणजे आई आत आहे आणि उघडत नाही.
बाहेरून, म्हणजे
आत कुणी नाही.
शेजारच्यांनी कधीतरी लावून घेतली असेल,
मांजर जाऊ नये म्हणून.
चौदा ओळींत मला जे सांगता आलं नव्हतं
ते चार इंच लोखंड कुठल्या अंगाला बसतं
यावर ठरणार होतं.

सकाळी बँकेच्या काउंटरखालून फोन केला: बाहेरून.
ओळी खोडल्या. रणजीत शेवाळे आठ दिवस रुसला,
पाठांतर फुकट गेलं म्हणून.

प्रयोगाआधी दोन दिवस दार गच्चीवर पडून,
सप्टेंबरच्या दमट हवेनं फुगलेलं.
शेवाळे बॅग घेऊन आला. कडी पाहिली.
बॅग खाली ठेवलीच नाही त्यानं,
हे आम्ही बसवलं नव्हतं.
कडी काढली. ढकललं.
खांद्यानं ढकललं. चौकट हलली, दार नाही.
विंगेत माझ्या हातात संहिता, तिच्यात या जागी
नुसती रेघ.
तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई,
बहुधा मदत म्हणूनच, मोठ्यानं:
"अरे, ओढ!"

हशा उठायला हवा होता.
शब्द तिच्या तोंडून निघाला तेव्हा क्रियापद होता.
शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर
नाम झाला.

शेवाळेनं कडीत बोट अडकवलं.
दार उघडलं ते त्याच्याच अंगावर.
मागे काळा पडदा. पडद्यामागे पंख्याची घरघर.

नंतर चहाशी लोक भेटले.
एकाला ते दार म्हणजे संपत आलेला व्हिसा,
एकाला बायको. एक जण म्हणाला, आमचं दार
धाकट्यानं विकलं, मला फोटो पाठवला.
आई कुणीच म्हटलं नाही.
मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

शनिवारी याकूबभाई पिकअप घेऊन आले.
सहा जणांची खोली त्यांची,
मोरीला इतकी वर्षं पडदाच.
दार पाठीवर घेऊन ते जिना उतरत होते,
वरून मी विचारलं, आणि कडी?

"ती आता आतसून," दाराखालून आवाज आला,
"न्हाताना मानूस आतच असतो ना?"