फुटाळा ते अंबाझरी

राउटर जिन्याच्या वळणावर आहे,
ना त्यांच्या मजल्यावर, ना आमच्या.
बिल अर्धं अर्धं. वाटणीत एवढंच
वाटायचं राहून गेलं.

बंगलोरला जाताना किंशुकनं
वरच्या-खालच्या दोन्ही कॉम्प्युटरांत लिनक्स टाकलं
आणि नावं ठेवली: खालचा फुटाळा, वरचा अंबाझरी.
तळ्यांची नावं कशाला रे?
म्हणाला, लक्षात राहतात. आणि भांडत नाहीत.

दोन वर्षं झाली शाल्मलीच्या लग्नाला.
फोटो मी काढले, दोन हजार तीनशे सोळा.
मग पाण्याच्या मोटरचं झालं,
मग मीटरचं, मग कशाचंच नाही,
आणि फोटो माझ्याकडेच राहिले
परत न केलेल्या डब्यासारखे.

काल कुंदावहिनी जिन्यातूनच म्हणाल्या,
पोरगी मागून राहिली नं, भाऊजी. देऊन टाका ना.
पेनड्राइव्ह होता घरात.
पण तो घेऊन वर जावं लागलं असतं.
अकरा पायऱ्या.

म्हणून ही मे महिन्याची दुपार, रघुजीनगर,
बाहेर सेहेचाळीस,
आणि काळ्या चौकटीत
किंशुकनं लिहून दिलेली ओळ
मी एका बोटानं उतरवतोय.
एक टिंब चुकलं की ऐकत नाही.

फुटाळ्यानं विचारलं:
समोरच्या यंत्राची खातरजमा होत नाही.
त्याच्या बोटाचा ठसा हा असा,
अक्षरं, आकडे, लांबच लांब माळ.
जोडायचं नक्की ना?
मी नुसता वाय दाबला.
नाही म्हणाला. पूर्ण लिहा.
अर्धं हो इथे चालत नाही.

एक छत, एक वायर,
आणि ओळख नाही म्हणे.
खोटं काय होतं त्यात?
मी तिन्ही अक्षरं लिहिली.

पासवर्डची चिठ्ठी वहिनींनी
कठड्यावर ठेवली होती, वर खलबत्त्याचा बत्ता.
उघडली. बाबांच्या लुनाचा नंबर.
ती विकली त्या दिवशी दादा
तिच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत
चालत गेला होता, चप्पल न घालता.

फोटो निघाले. एकामागून एक नावं वर सरकू लागली,
हळद, हळद, हळद, आचारी, हळद,
आणि आठशे सत्तेचाळीसला बटण पडलं.
कूलर आणि कॉम्प्युटर
या घरात एका वेळी नांदत नाहीत.

किंशुकला फोन केला.
त्यानं दुसरी ओळ सांगितली.
ही पहिल्यापासून सुरू करत नाही, बाबा,
आधी दोन्हीकडे पाहते,
तिकडे काय पोचलं, इकडे काय उरलं,
आणि उरलं तेवढंच नेते.
झालेलं उगाळत बसत नाही.

कूलर बंद ठेवला.
बनियन खुर्चीला चिकटली,
खसाचा वास हळूहळू वाळत गेला.
मी एक फोटो उघडून बघितला, उगाच.
पंगतीत वाढताना दादा, हातात बुंदीचं भांडं,
तोंड अर्धवट उघडं, भुवया वर.
पाहणाऱ्याला वाटेल ओरडतोय.
तो कॅमेऱ्यामागच्याला विचारत होता,
जेवला का रे तू?

पाच वाजता संपलं.
दोन्हीकडे दोन हजार तीनशे सोळा.
काळ्या चौकटीत नुसतं टिमटिमणं.
आता कूलर लावायला हरकत नव्हती.
लावला नाही.

जिन्यातून वहिनी:
भाऊजी, हे विचारून राहिले,
तुमच्या कॉम्प्युटरचा नंबर काय तं?
त्यांच्याकडेही काहीतरी आहे म्हणे, पाठवायचं.

मी ओरडून सांगितला,
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात,
जणू घराचा पत्ताच.

दादा तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होता,
अजून कळा अशा हाणतो
की स्लॅबमधून ऐकू येतात.
बराच वेळ खडखडाट. मग थांबला.
म्हणजे त्यालाही विचारलं असणार.
एक कळ. एंटर.
पुन्हा शांत.
मग तीन कळा, सावकाश,
आणि एंटर.

आता पासवर्ड विचारेल.
मी उठून जिन्यापाशी गेलो.
पहिल्या पायरीवर उभा राहिलो,
कसं सांगायचं ते जुळवत,
की तोच आहे. लुनाचाच.