वास गेला का

पाणी आलं चौथ्या दिवशी, पहाटे सव्वातीनला.
आधी प्यायचे हंडे, मग बॅरल, मग मोरीतली टाकी,
आणि शेवटी, घरात कुणाला न विचारता,
चार बादल्या मी जिन्याखाली सरकवल्या.
कलावतीने विड्यांचं सूप मांडीवर घेत
बादल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

शेठजी टपात आहे, आज आठवा दिवस.
दगडावर गादीवर बसल्यासारखा बसतो
म्हणून पोरीने ठेवलेलं नाव.
गेल्या आठवड्यात एका अंगाला कलंडून तरंगत होता,
नाकाशी बुडबुडा, डोळे सुजून मिटलेले.
बिराजदार डॉक्टर खरे म्हशींचे,
तरी त्यांनी त्याला तळहातावर घेतलं,
कानाशी धरलं आणि म्हणाले, छातीत आहे.
पुढच्या पायात सुई दिली.
जाताना म्हणाले, याच्यातलं मी बघतो,
काचेत जे उरलंय ते तुम्ही मारा.

ते कसं मारायचं हे मला शिकवायला नको.
एकोणीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
ब्लीचच्या हौदावर होतो.
लॉजवर तुम्ही तोंड पुसता तो पांढरा टॉवेल
आधी गढूळ ताकाच्या रंगाचा असतो,
हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

लाकडाचा ओंडका फेकला. लाकूड पितं, मग सोडत नाही.
फिल्टरचा स्पंज फेकला, सत्तर रुपयांचा.
दगड उकळले, रंगाच्या जुन्या डब्यात, अंगणात.
भांडी घासतो त्या मोरीत यातलं काहीच नाही.
मग काच घासली नुसत्या पाण्याने, ब्रशने, कोपरे टोकरून,
कारण मळ राहिला तर ब्लीच मळाशीच भांडत बसतं,
रोगापर्यंत पोचतच नाही.
एक वाटी ब्लीच, दहा वाट्या गार पाणी.
दुसरं काही नाही.
संगप्पाने एकदा त्याच बादलीत ॲसिड ओतलं होतं,
आम्ही पाचजण गेटपर्यंत पळत गेलो, संगप्पा पोचला नाही.
त्या दिवशी दुपारची पाळी वेळेवर सुरू झाली.

हातमोजे घालून पंधरा मिनिटं बसून राहिलो.
हौदावर हातमोजे नव्हते.

एक बादली ओतली, फिरवली, गटारात सोडली.
दुसरी ओतली, फिरवली, सोडली.
डॉक्टर म्हणाले होते, वास जाईपर्यंत धुवा.
मी डोकं टाकीत घातलं, पूर्ण, गळ्यापर्यंत,
आणि श्वास घेतला.
काहीच नाही.
मग आठवलं, मला काहीच येत नाही.
फोडणी करपली तर धूर दिसतो तेव्हा कळतं,
शेजारी कुणी मोगरा माळला तर पांढरं दिसतं तेवढंच.

सौजन्याला उठवलं.
तिने डोळे चोळत नाक काचेला लावलं.
पप्पा, अजून आहे.
तिसरी बादली.
अजून आहे, कोपऱ्यात, त्या सिलिकॉनपाशी.
चौथी.
थोडासा.
बादल्या संपल्या. पुढचं पाणी चार दिवसांनी.

मग कलावती उठली, काही बोलली नाही,
कपड्यांसाठी राखलेल्या बॅरलमधून
दोन कळशा आणून माझ्यापाशी आदळल्या.

आता टाकी गच्चीवर आहे, तोंड आभाळाकडे.
सोलापुरात पाणी मोजून मिळतं, ऊन नाही.
दुपारी बारापर्यंत काच हाताला चटका देईल.
उद्या पोर पुन्हा हुंगेल. ती हो म्हणाली तरच
रात्रभर ठेवलेलं पाणी, त्यात क्लोरीन मारायचे थेंब,
मग दगड, मग शेठजी.

तो टपात मान वर काढून बसलाय.
एक डोळा उघडलाय, दुसरा अर्धा.
सौजन्या त्याच्यापाशी उकिडवी बसली, मग सहज
माझा हात ओढून नाकाशी नेला.
तुमचा गेला नाही, पप्पा, ती म्हणाली.
आज मोजे होते गं, म्हटलं मी.
आजचा नाही, म्हणाली,
आणि टपाकडे वळली.