ऑर्डरीचा आठवडा

वसुबारसेपासून गॅसचे दोन्ही बर्नर
वृंदाच्या ताब्यात.
एकावर तळण, दुसऱ्यावर पाक,
हॉलभर वर्तमानपत्रांवर चकल्या,
पाय ठेवायला जागा नाही.
मी भोसरीहून येतो साडेआठला,
हात धुतो, विचारतो,
कुठला मोकळा होईल?
कढईवरची नजर न हलवता ती म्हणते,
दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत आमचं जेवण.
काल मुगाची खिचडी, परवा पिठलं,
त्याच्या आदल्या रात्री काय होतं
ते ओवीलाही आठवत नाही.
ती कांदा चिरते, मध्येच लाडू मोजते,
पावकिलोत किती बसतात यावरून
आईशी वाद घालते.

ताटात डावीकडे मोडक्या चकल्या.
सबंध त्या डब्यांत,
डबे कोथरूडला, बाणेरला, कुठल्या कुठल्या सोसायट्यांत.
पिठल्यात बुडवली की मोडकी काय, सबंध काय,
मी म्हणतो.
कुणी हसत नाही.

पाडव्याला संध्याकाळी भाऊबीजेचा शेवटचा डबा गेला.
दोन्ही बर्नर रिकामे, पुसलेले,
आणि मला काही सुचेना.
ओट्याला टेकून वृंदा म्हणाली,
तळलेलं नको, गोड तर नकोच,
नुसता वरणभात लाव. लिंबू आहे ना?

तिसरी शिट्टी होईपर्यंत
ती खुर्चीतच झोपली,
मनगटाला बेसन तसंच.
आम्ही ताटं घेतली, लिंबू कापलं,
पंखा एकवर केला.
उठवू का, ओवीनं हळूच विचारलं.
म्हटलं,
दहा मिनिटं.