हातचा

दर मंगळवारी दुपारी
किसुमूच्या चर्चमागच्या सभागृहात
मला एक टेबल देतात, दोन खुर्च्या
आणि छातीवर लावायला पट्टी : मार्गदर्शक.
पट्टीवर हे लिहिलेलं नाही
की माझा बर्फाचा कारखाना सत्त्याण्णव साली बुडाला.
तीन यंत्रं, एक ट्रक, मेहुण्याशी बोलणं,
सगळं गेलं.
संस्थेच्या बाईंना मी हे आधीच सांगितलं होतं.
त्या म्हणाल्या, म्हणूनच.

ती आली त्या दिवशी
तिच्या आधी वास आला.
अपोंडी. वय तेवीस.
बादलीत म्बुटा माशाची कातडी,
बाजारातल्या बायका जी करकोच्यांपुढे भिरकावतात.
याचं चामडं होतं, ती म्हणाली,
घरी पाहुणे आलेत म्हणावं इतक्या सहज.
मी नाकाने श्वास घेणं थांबवलं
आणि वही मागितली.

वही नेटकी होती.
प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत
गिरवून गिरवून सरळ झालेले रकाने :
मीठ, चुना, बाभळीची साल,
पाण्याचे डबे, गाडी ओढणाऱ्या पोराची मजुरीसुद्धा,
दोरा, भाडं,
आणि तळाशी नफा, दोन रेघांवर उभा.
मी बोट वरून खाली नेलं, खालून वर.
तुझा पगार कुठाय?
ती हसली. माझा कशाला?
मी तर घरचीच.

मला हसू आलं नाही.
त्या कारखान्यात मीही सात वर्षं घरचाच होतो.

मग नैरोबीच्या दुकानातून
बाराच्या बारा पाकिटं परत आली.
पावसात वास सुटतो, असं चिठ्ठीत होतं.
दोन मंगळवार समोरची खुर्ची रिकामी.
तिसऱ्या मंगळवारी ती आली, वहीशिवाय,
आणि मी पिशवीतून माझी वही काढली,
कसर लागलेली,
जी मी बायकोलाही दाखवली नव्हती.
हे पान बघ. इथे मला कळलं होतं.
आणि हे, अकरा महिन्यांनंतरचं,
इथे मी ते कबूल केलं.
मधल्या पानांवर अक्षर फार सुंदर आहे.
ती ती पानं बराच वेळ उलटत राहिली.

वासावर उपाय मला ठाऊक नव्हता.
तो रोझलिदाला ठाऊक होता,
जी चाळीस वर्षं मासे कापते
आणि बायकांच्या भिशीची पेटी सांभाळते.
वास कातडीला नसतो गं, ती म्हणाली,
उशिराला असतो.
तेव्हापासून सुरीशेजारीच मिठाची बादली.
फुकट नाही : कातडीमागे दोन शिलिंग,
शिवाय भाचीला काम शिकवायचं.
ओदुओर चांभाराने रात्रीपुरतं शिलाई यंत्र दिलं,
बदल्यात त्याची उधारी वसूल करायला
ही त्याच्यासोबत दारोदार जाते,
कारण त्याला मागायची लाज वाटते
आणि हिला आता वाटत नाही.
यातलं काहीही
माझ्या टेबलावर ठरलेलं नाही.

काल ती माझ्यासमोर बेरीज करत होती.
नवीन रकाना : पगार, अपोंडी, नऊशे.
रक्कम पाहून कुणालाही कीव यावी.
मी मात्र चश्मा पुसला, परत वाचलं.
सात आणि आठ पंधरा,
पाच खाली, एक हातचा,
तो तिने पुढच्या आकड्याच्या डोक्यावर
मुंगीएवढा लिहिला,
त्याला धरून पुढची बेरीज केली, त्याच्या पुढची केली,
उत्तर आलं.
मग खोडरबर शोधू लागली.

राहू दे ना, मी म्हणालो.
नको, ती म्हणाली, वही घाण दिसते.
आणि फुंकर मारून
तिने पानावरची पूड उडवली,
थोडी माझ्या बाहीवर पडली.